घोंगडीचा वायसर

आमच्या सोलापूरच्या घरातल्या जुन्या न्हाणीत मामंजींनी फवारा बसवला, तो एका साहेबाच्या बंगल्यातलं सामान विकायला निघालं तेव्हा. नळावर पितळेची मूठ होती. ती डावीकडे वळवली की पाणी खाली घंगाळात, उजवीकडे वळवली की वर फवाऱ्यात. साहेबाने ती का विकली ते लवकरच कळलं. मूठ डावीकडे असली तरी वरून मनाला येईल तेव्हा पाणी गळायचं.

घरात फवाऱ्याचं प्रेम एकट्या मला. नवी सून, मराठी चौथी पास, त्यामुळे जगातलं सगळं समजलेलं. केस फडक्यात गुंडाळून मी फवाऱ्याखाली म्हशीसारखी डोळे मिटून उभी राहायची.

एका मंगळवारी सासूबाई घंगाळापाशी आंघोळीला बसल्या आणि वरून धार थेट त्यांच्या डोक्यावर आली. न्हायचा दिवस सोडून बाईने डोक्यावरून पाणी घेतलं, तर कुणीतरी गेल्याची बातमी आली असं तेव्हा समजत. त्या ओले केस घेऊन अंगणात आल्या नि शेजारीण डोळ्यांना पदर लावूनच आत आली. कोण गेलं ते तिला कळेना, आणि कुणी गेलं नाही हे पटेना. सासूबाईंनी मामंजींना सांगून टाकलं की त्यांचं दुकान बंद असेल त्या दिवशी ती फवाऱ्याची नळी भिंतीवरून उतरली पाहिजे.

माझा जीव टांगणीला लागला. दुपारी सगळे झोपल्यावर मी टाकीचं पाणी बंद केलं आणि सायकलच्या पान्याने मूठ उघडली. आत पाणी अडवणारा वायसर, कुजलेल्या चामड्याचा. म्हणजे सासूबाईंच्या सोवळ्याचं पाणी इतके दिवस चामड्यातून येत होतं. नवा वायसर कोपऱ्यावरच्या चांभाराने हसत कापून दिला असता. पण माझी अक्कल धावली लोकरीकडे, कारण लोकर सोवळ्यात चालते. सांगोल्याच्या घोंगडीचा कोपरा गोल कापून मी आत ठासला. संध्याकाळी वरून थेंब पडला नाही. मी स्वतःवर इतकी खूश होते की रात्री दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

सकाळी सासूबाईंनी घंगाळातून काळा केसाळ पुंजका चिमटीत धरून बाहेर आणला. मी पोथी सांगावी तशी गंभीरपणे चामडं, लोकर आणि सोवळं समजावून सांगितलं. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मळ्यातली मोट कशाची हाय गं?"

"चामड्याची, आत्याबाई."

"त्या पाण्यावरची ज्वारी रोज खातीस की. मला चामडं नडत न्हाय, पोरी. डोस्कं भिजलेलं नडतं."

शिवाय त्यांच्या पूजेचं पाणी पहिल्यापासून विहिरीचं होतं. नळाच्या पाण्याला त्यांनी कधी सोवळ्यात घेतलंच नव्हतं. घरात हे मला सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.

मळ्यावर फाटकी मोट पडली होती. तिचा तुकडा त्यांनीच गड्याकडून मागवला. वर्षानुवर्षं पाण्यात मुरलेलं ते चामडं कापताना कात्री बोथट झाली, पण नवा वायसर मी मुठीत बसवला. दुकान बंद होतं त्या दिवशी मामंजी पाना घेऊन न्हाणीच्या दाराशी थांबले होते. आत सासूबाई, बाहेर आम्ही दोघं. घंगाळ भरल्याचा आवाज आला, तांब्याचा आला.

त्या बाहेर आल्या. केस कोरडे होते.

"ऱ्हाऊ द्या," त्या मामंजींना म्हणाल्या, आणि माझ्याकडे वळून, "पण रोज आधी तू बसायचं त्याच्याखाली. गळलं तर तुझ्या डोस्क्यावर."

मग मी रोज बसत गेले. कोरड्या लुगड्यात, मूठ डावीकडे करून, वर बघत.