सूट देणारा मास्तर

राजेहो, किस्से कोणी जमवत नाही. चार माणसं रोज एका गॅरेजात चहा प्यायला लागली की ते आपोआप साचतात. घाटंजीच्या आमच्या गॅरेजात तर रेसचे इतके साचले, की आता हसू येतं आणि मग तोंड कडू होतं.

आमच्याकडे मोटरसायकलची रेस नवीनच होती. कापूस निघाला की मुरमाड रस्त्यावर चार किलोमीटरची फेरी. पण कोणाची गाडी नवी, कोणाची भंगारातली. गॅरेजवाल्या महादेव मिस्त्रीनं तोड काढली, "कमजोर गाडी आधी सोडू, दमदार मागून. सूट द्याची!" कोणाला किती सेकंद, हे ठरवायचं मी. शाळेत पीटी शिकवायचो, घड्याळ माझ्याकडं होतं.

पहिल्याच वर्षी कळलं, आपल्या गावात दमदार गाडीच नाही! पानठेल्यावर ज्याची गाडी विमान, तोच माझ्या टेबलाशी येऊन रडे, "मास्तर, पुरा खटारा हाये हो." एकानं तर इंजिन बसल्याची मिस्त्रीची चिठ्ठी आणली. सूट घेतली आणि सगळ्यांच्या आधी पोचला. मी मिस्त्रीकडं पाहिलं. मिस्त्री म्हणाला, "चिठ्ठी खरीच होती. काल इंजिन बदललं!"

केळापूरचा एक पोरगा मात्र सरळ. "माही गाडी नवी हाये, मले सूट नको," म्हणाला. त्याला सगळ्यात शेवटी सोडायचं होतं. पण आधीचे निघाल्यावर झेंडेवाला गर्दीसोबत शर्यत पाहायला पळाला. हा हेल्मेट घालून उभाच! पहिला नंबर आला, ढोल वाजला, तरी हा इंजिन चालू ठेवून उभा. मिस्त्रीनं खांद्यावर हात ठेवला, "तुह्यावर आमचा लय भरोसा होता, बाप्पा!" तो पुन्हा आला नाही.

तांड्यावरचा प्रेमसिंग राठोड. गाडी भंगारातून उचललेली, पण वळणावर असा झुकायचा की बायाबापड्या डोळे मिटत. जिंकला. पुढच्या वर्षी रेसची कमिटी झाली, मिस्त्रीही तिच्यात; तिनं माझ्या हिशेबावर त्याची सूट निम्मी केली. तरी जिंकला. तिसऱ्या वर्षी सूटच काढली.

"मास्तर, गाडी थेच हाये. सूट काहून गेली?"

"तू चांगला चालवतोस म्हणून."

"म्हंजे शिकलो, थे चुकलं?"

त्या वर्षी तो पाचवा आला. कमिटी म्हणाली, "आता कसं बरोबर झालं!" प्रेमसिंग आता पिकअप चालवतो. रस्त्यात दिसला तर हॉर्न देतो, थांबत नाही.

त्याच वर्षी रेसला देणगी देणाऱ्या एका साहेबांचा भाचा उतरला. गाडी अशी, की तिच्या किमतीत इतरांच्या सगळ्या याव्यात. कमिटीनं त्याला सगळ्यात आधी सोडायला लावलं. "कारण काय लिहू?" मी विचारलं. मिस्त्री म्हणाला, "लिहा, रायडर नवीन." मी लिहिलं. तरी तो सातवा आला! मग त्याचं मन राखायला आम्ही त्याला कमिटीचा अध्यक्ष केलं.

अध्यक्षांना 'सूटवाली रेस' हे नाव गावंढळ वाटलं. त्यांनी सुटीच्या रेसचा इंग्रजी शब्द शोधून मोठा बोर्ड लावला, 'भव्य हँडिकॅप मोटर रेस'. तो वाचून ढाणकीहून मारोतराव आले. शिवणकाम करणारे, एक पाय पोलिओनं गेलेला, बाजूला दोन चाकं लावलेली स्कूटर. सोबत अपंगत्वाचं सर्टिफिकेट, प्लास्टिकमध्ये घालून!

कमिटी पोट धरून हसली. मारोतराव हसले नाहीत. "बोर्डावर लिवलं हाये ना? मंग नाव लिवा."

मी त्यांची चाचणी फेरी घेतली. वेळ मोजली, हिशेब केला, दोन मिनिटं चाळीस सेकंद सूट दिली. दयेचा एक सेकंदही नाही. शेवटच्या वळणावर तिघं त्यांच्या मागे लागले. मारोतराव हँडलवर आडवे झाले आणि त्यांनी हातभर पुढे राहून रेघ ओलांडली. लोकांनी टोप्या उडवल्या. मी वहीत लिहिलं, पहिला, मारोतराव.

अध्यक्षांनी कप दुसरा आलेल्याला दिला. मारोतरावांना शाल आणि नारळ. माईकवर म्हणाले, "अशा बांधवांचा सन्मान करणं आपलं कर्तव्य आहे!"

मारोतराव खालूनच बोलले, "साहेब, मी पयला आलो का नाही?"

"तुम्ही तर आमच्या सगळ्यांच्या मनात पहिले!" टाळ्या पडल्या.

ते कुबडी टेकत माझ्या टेबलाशी आले. "मनातलं राहू द्या मास्तर. वहीत कितवा हावो?"

"पहिला."

"मंग माईकवर वाचून दाखवा."

माईक दोन पावलांवर होता. अध्यक्ष माझ्याकडं पाहत होते. मी वही बगलेत घातली.

"मारोतराव," मी म्हणालो, "स्कूटर जरा बाजूला घेता का? अध्यक्षांना कपासोबत फोटो काढायचाय."