एका दमात एकच नाव

हिंगोलीच्या दवाखान्याच्या ओट्यावर एक म्हातारी भेटली. माझ्यावानीच पाय सुजलेले, बोलताना धाप. काळजाच्या दुखण्यानं मी मेले तर लेकराला माझी सवय नको, म्हणून मी त्याला सासूपाशीच ठेवायची अन् रडत बसायची. त्या दिवशीबी सासू त्याला घेऊन बाजूलाच बसली होती.

"काहून रडून राहिलीस बाई? रडायलाबी दम लागतो," म्हातारी म्हणली. "आगुदर मी देवाचं नाव भराभरा घ्यायची, ध्यान सारं शेळ्यांकडं. आता एका दमात एकच नाव बसतं. देव म्हणत आसंल, बुढी आत्ता कुटं सुदीवर आली!"

"मरायचं भेव न्हाई वाटत?" मी इचारलं.

"वाटतं की. तू लेकरू घे आदी. उभ्यानं न्हाई जमत त बसून घे."

सासूकडून मी त्याला मांडीवर घेतलं. त्यानं माझं नाकच धरलं.

"वढ रे," म्हातारी धापत हसली, "आईला रडायला नाकच ठिवू नको!"