अनोळखी नंबर आणि आमचं रॅप

मित्रांनो, आत्ताच घरी पोचलोय.

आम्ही तिघं मित्र फौजी कुटुंबांना हिंमत देणारं रॅप करतो. आज दुपारी मेढ्याजवळच्या एका गावात कार्यक्रम होता. समोर जवानांच्या बायका आणि आईवडील बसलेले.

गाणं रंगात आलं आणि पुढच्या रांगेतल्या एका वहिनींचा फोन वाजला. अनोळखी नंबर. नवरा सीमेवर, बरेच दिवस त्याचा फोन नव्हता. त्या उभ्या राहिल्या, पण फोन उचलेनात. आम्ही गाणं थांबवलं.

त्यांनी फोन माझ्या हातात दिला. "दादा, तुमीच बोला. माझ्यानं व्हत न्हाई."

मीही फौजीचाच पोरगा. फोन उचलला. 'हॅलो' म्हणालो. पलीकडं नुसती खरखर. मग आवाज आला, "कोन बोलतंय? सुनीता कुठं हाय?"

नवराच होता, मित्राच्या फोनवरून बोलत होता!

मी फोन वहिनींना दिला. बोलणं झाल्यावर त्या खूप रडल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "म्हना आता गानं. पर आवाज जरा बारीक ठेवा. दुसऱ्या कुनाचा फोन आला तर ऐकू यायला पायजे."

पुढची गाणी आम्ही स्पीकर बंद करून म्हटली.

फौजींच्या घरच्यांनो, मी स्वतः फौजीचा पोरगा असूनही विचारतो, एवढी भीती घेऊन तुम्ही रोज कसं जगता?