घड्याळवाल्याचं माप

त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. कारंजाच्या जिनात, कापसाच्या कारखान्यात, आमी त्याले घड्याळवालाच म्हनत होतो. कंपनीनं धाडलेला गोरा साहेब, हातात घड्याळ धरून उभा राहायचा, पेन्सिल जिभेले लावायचा आन कोनती बाई घंट्यात किती कापूस निवडते ते लिहायचा. म्हने, विलायतेत एक मानूस तुमच्या तिघांचं काम करते. जी मागं राहील तिचं काम जानार होतं, आन माही बायको सगळ्यांत मागं.

"बाई, हात चालव," तो तिले म्हनाला.

"हात चालूनच राह्यले, साहेब. तुमी डोळे चालवा."

मले हसू आलं, त्याले नाही. उकिडवं बसून त्यानं दुसऱ्या बायांचे ढीग उकरले, तं काडीकचरा निंघाला. हिचा ढीग साफ पांढरा.

"हे घड्याळात दिसत नाही," तो हळूच बोलला.

आकडा त्यानं खोडला नाही, तसा मानूस नव्हता तो. बाजूले दोन ओळी लिहिल्या. मले त्या वाचता आल्या नाहीत, पन दुसऱ्या दिवशी बायकोले फाटकावर कोनी अडवलं नाही.