‘आणि’सर

आमच्या कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमधले असिस्टंट म्हणजे आणिसर. नाव अर्थात आम्ही पोरांनी ठेवलेलं. कागदोपत्री ते ‘सर’सुद्धा नव्हते. माउस बदला, केबल खोचा, जाताना पंखे बंद करा, एवढंच त्यांचं काम. शिकवायला प्राध्यापक होते. पण प्रोजेक्ट अडला की सगळे जायचे ते कोपऱ्यातल्या आणिसरांच्या स्टुलाकडे.

मी तर दुसऱ्यांदा अडले होते. आदल्या वर्षी प्रोजेक्टमध्ये नापास झाले आणि बाबांनी सरळ सांगून टाकलं, “यंदा शेवटचं. नाहीतर शिक्षण बंद, दुकानात येऊन बस.” दुकान रंगाचं. मला रंगाच्या वासाने शिंका येतात आणि गिऱ्हाइकाशी बोलायला लागले की पाच मिनिटांत भांडण होतं. म्हणजे मी तर बुडालेच असते, वर दुकानही बुडवलं असतं.

माझी ताई दातांच्या डॉक्टरांकडे रिसेप्शनवर होती. तिच्यासाठी अपॉइंटमेंटचा प्रोग्राम, हा माझा प्रोजेक्ट. सहाशे चाळीस ओळी मी एकाच फंक्शनमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या एकाच तुकड्यात, कोंबल्या होत्या आणि त्याचं नाव ठेवलं होतं ‘सगळं’. आणिसर खाली खाली वाचत गेले. मग चष्मा काढून म्हणाले, “हे संपतं कुठे?”

“पण चालतं, सर.”

“चालायला मीसुद्धा चालतो. उद्या यात काही बदलायचं म्हटलं तर बदलता येईल का?”

त्यांचा नियम एकच. प्रत्येक फंक्शन काय करतं ते एका वाक्यात सांगायचं. वाक्यात ‘आणि’ आलं की तिथे कापायचं, दोन फंक्शन करायची. एवढंच ना, म्हटलं! दुसऱ्या दिवशी मी ऐटीत वाक्य घेऊन हजर. “हे पेशंटचं नाव विचारून, मोकळी वेळ शोधून, नोंद करून चिठ्ठी छापतं.” एक ‘आणि’ सापडेल तर शपथ.

ते जरासुद्धा हसले नाहीत. “शहाणे, या ‘ऊन’मध्ये तू तीन ‘आणि’ वाळत घातलेस.”

गुमान कापायला बसले. तीन आठवडे कापत होते. विचारणारा भाग वेगळा, वेळ शोधणारा वेगळा, नोंद करणारा वेगळा. एक भाग दुसऱ्याच्या पोटात शिरलेला दिसला की सर म्हणायचे, “शेजाऱ्याकडे साखर हवी तर बेल वाजव. थेट त्याच्या डब्यात हात घालू नकोस.” मला राग यायचा, खोटं कशाला बोलू. पण प्रोग्राम वाचायला सोपा होत चालला होता, तेही दिसत होतं.

शेवटी एक फंक्शन उरलं, ‘रद्द’. अपॉइंटमेंट रद्द करायची, रांगेतल्या पुढच्याला ती वेळ द्यायची, त्याला कळवायचं, यादी छापायची. नव्वद ओळी, तीन ‘ऊन’. मी कंटाळले होते. चालत्या गाडीला खीळ कशाला, म्हणत ते वेगळ्या फाइलमध्ये सरकवलं आणि सरांना दाखवलंच नाही.

परीक्षेला बाहेरून आलेल्या बाई शांत होत्या. पंधरा मिनिटं त्यांनी सगळं नीट पाहिलं. मग म्हणाल्या, “कोणी अपॉइंटमेंट रद्द केली, तर ती वेळ रांगेतल्या पहिल्याला न देता ज्याचा दात दुखतोय त्याला द्या. वीस मिनिटं देते.”

मी नव्वद ओळींत घुसले, एक जागा बदलली, तर कळवलं एकाला आणि यादीत नाव दुसऱ्याचं. सात मिनिटं गेली. डोळ्यांपुढे रंगाचे डबे नाचायला लागले. शेवटी लाज सोडली. “बाई, हा भाग कापायचा राहिला. राहिला म्हणजे, मी लपवला होता. आधी कापते, मग बदलते.”

“तेरा मिनिटं आहेत,” त्या म्हणाल्या.

‘पुढचा पेशंट कोण’ एवढंच सांगणारं फंक्शन बाहेर काढलं आणि त्यात दोन ओळी बदलल्या. यादी बरोबर आली, तेव्हा एक मिनिट उरलं होतं.

पास झाले. लपवल्याचे मार्क बाईंनी कापलेच. मी धावत लॅबमध्ये गेले. आणिसर कीबोर्ड उलटा करून झटकत होते. सगळं कबूल केलं.

“माहीत आहे,” ते म्हणाले. “ती फाइल मी मागच्याच आठवड्यात पाहिली होती.”

माझं डोकंच फिरलं. “पाहिली होती? मग बोलला का नाहीत? वर्ष गेलं असतं माझं!”

“बोललो असतो तर माझ्या धाकाने कापलं असतंस. आज तुझं तुला कळलं.”

“आणि नापास झाले असते तर? बाबांनी दुकानात बसवलं असतं.”

“तुझे बाबा गेल्या सोमवारी इथे येऊन गेले,” सर कीबोर्ड जागेवर ठेवत म्हणाले. “नापास झालीस तरी अजून एक वर्ष द्यायचं, असा मी शब्द घेतलाय त्यांच्याकडून.”