खाकी बाहीतल्या मांजरी

खेडकरकाका मांजरांना अहोजाहो करत. "अहो, उठा तिथून, ते माझं ताट आहे." आणि वर आम्हाला सांगत, "मला मांजरं मुळीच आवडत नाहीत. पण ओळखपाळख नसताना अरेतुरे कसं करायचं?"

लग्न होऊन मी चिंचवडच्या कॉलनीत आले, तेव्हा ते शेजारच्या खोल्यांत एकटेच राहत होते. बायको गेलेली, मुलगी वाईला दिलेली. कारखान्यात ते इन्स्पेक्शनला होते. तयार माल पास करायचा की रिजेक्ट, हे ठरवण्यात दिवस जायचा, आणि ती सवय घरीही सुटत नसे. माझी पहिली पोळी त्यांनी उजेडात धरून पाहिली होती. "कडा जाड आहेत. पण चालेल, फिटिंगला अडचण नाही."

एका उन्हाळ्यात कॉलनीत मांजरांचा सुळसुळाट झाला. कुणाच्या गादीत पिल्लं, कुणाचं दूध सांडलेलं. कॉलनीचे सेक्रेटरी माने यांनी मीटिंग बोलावली आणि दुधातून विष घालावं असं सुचवलं. बरेच हात वरही झाले. काका मागच्या रांगेतून उठले.

"माल जास्त झाला म्हणून कुणी माल फोडत नाही, माने. मशीन थांबवतात. मला दिवाळीपर्यंत मुदत द्या."

"म्हणजे करणार काय तुम्ही?"

"ऑपरेशन."

लोक पोट धरून हसले, पण मुदत मिळाली. जवळपासच्या डॉक्टरांनी काकांना वेड्यात काढलं. शेवटी चाकणचे एक गुरांचे डॉक्टर तयार झाले. शिकत असताना त्यांनी मांजरींची ऑपरेशनं केली होती, आणि बैलांचा त्यांना कंटाळा आला होता.

पहिला मान ठमीचा. ठमी म्हणजे पिवळं, गलेलठ्ठ मांजर. जिथे पिल्लं, तिथे ही हजर. "सगळ्या घराण्याचं मूळ ही बाई आहे," काका म्हणाले. आम्ही दोघांनी सुकटीची लालूच दाखवून तिला टोपलीत घातलं, वर फडकं बांधलं आणि एसटीत बसलो.

आणीबाणीचे दिवस होते. नसबंदीच्या नुसत्या नावानं माणसं शेतात पळत. कुरुळीला गाडी भरली. काकांशेजारी एक फेटेवाले आजोबा बसले.

"कुठं चालला, सायेब?"

"चाकणला. ऑपरेशनला."

"कसलं वो?"

"पोरं होऊ नयेत म्हणून. आज एक करतो, मग हळूहळू सगळी वस्ती उरकायची."

आजोबा सावरून बसले. "जबरदस्तीनं?"

"मग? राजीखुशीनं कोण येतंय? धरायचं आणि टोपलीत घालायचं."

आजोबांनी टोपलीकडे पाहिलं. फडकं जरासं हललं. "कंडक्टर, बेल मारा," ते उठत म्हणाले. "आमी चालत जातो. पाय धड हायेत आमचे." त्यांच्या मागोमाग निम्मी गाडी उतरली. काका पाय लांब करत मला म्हणाले, "चाकण आलं वाटतं जवळ."

दवाखान्यात डॉक्टरांनी ठमीची शेपटी वर केली आणि चष्मा पुसला. "साहेब, हा बोका आहे."

आयुष्यभर माल तपासलेला तो माणूस स्वतः वाकून पाहू लागला. मग म्हणाला, "मूळ तर बरोबर पकडलं ना? करा."

ठमाजीरावांनंतर एकेक मांजर चाकणला जाऊन आलं. मांजरींनी टाके चाटू नयेत म्हणून काकांनी आपल्या जुन्या युनिफॉर्मच्या बाह्या कापून, त्यांना पायांसाठी भोकं पाडून अंगरखे शिवले. कॉलनीत खाकी मांजरी हिंडू लागल्या. गेटवरचा पहारेकरी त्यांना सलाम ठोकायचा.

त्यातल्या एका लहानशा पट्टेरी मांजरीला मात्र ताप भरला. ग्लानीत ती पाणीही पिईना. काकांनी रजा टाकली आणि तिच्या तोंडात कापसानं थेंब थेंब साखरपाणी सोडत बसले. मी म्हटलं, "काका, जरा पाठ टेका. मी बसते."

"नको. तिनं काही अर्ज केला नव्हता. नेली मी."

ती शुद्धीवर आली आणि पहिल्यांदा काकांच्या अंगठ्याला कडकडून चावली. काकांनी रक्त पाहिलं, डोळे पुसले आणि म्हणाले, "पास."

दिवाळीला कुणाच्या गादीत पिल्लं नव्हती. मान्यांनी विषाचा विषय पुन्हा काढला नाही. उलट फराळाचं ताट घेऊन आले आणि हळूच विचारून गेले, "ती पट्टेरी आम्ही ठेवली तर चालेल का?"

निवृत्त झाल्यावर काका मुलीकडे वाईला गेले. काही वर्षांनी ते आजारी असल्याचं कळलं, म्हणून मी भेटायला गेले. पलंगावर अगदी कडेला, अंग चोरून पडले होते. मी हाक मारणार तोच त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोल. आत्ताच डोळा लागलाय." आणि पांघरुणाचं टोक उचललं. आत एक काळी मांजर आणि तिला बिलगलेली पिल्लं.

"काका, हिचं ऑपरेशन?"

"पिल्लं दूध सोडू देत. मग नेतो."

पिल्लांनी दूध सोडण्याआधीच काका गेले. दिवसकार्य झालं, पिल्लांनीही दूध सोडलं, तेव्हा मी पुन्हा वाईला गेले आणि त्या काळ्या मांजरीला घेऊन तिथल्या डॉक्टरांकडे पोचले. त्यांनी विचारलं, "मालक कोण?"

मी म्हटलं, "खेडकर."