शेवटच्या पानावरचा आकडा

हे श्रीकांतला माहीत नाही. म्हणजे माझ्या नवऱ्याला. सत्तावीस वर्षं एका घरात राहतोय, माझे पासवर्ड त्याला ठाऊक आहेत, मी कधी खोटं हसते तेही ठाऊक आहे — पण हे नाही. एकदा गाडीत सांगायला तोंड उघडलं होतं. मग म्हटलं, ‘पुढच्या सिग्नलला राइट घे.’

मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून? की तुम्हाला उलट प्रश्न विचारता येणार नाही म्हणून? खरं सांगायचं तर या बाबतीत माझा माझ्यावरच विश्वास नाही.

मी संशयी बाई आहे, हे आधीच कबूल करते. दुधाच्या कॅनवरची तारीख वाचूनही मी दूध हुंगून बघते. प्लंबर आला की त्याच्या हातांपेक्षा त्याच्या बुटांकडे माझं लक्ष. कुणी फार गोड बोललं की मी मनात एक पाऊल मागे सरकते. याला मी आयुष्यभर हुशारी समजत आले. नागपूरला अकरा वर्षं कॉलेजात मायक्रोबायोलॉजी शिकवलं, तेव्हा तर त्याचा अभिमानच होता — कॉपी करणारं पोरगं मला दारातून आत येतानाच कळायचं.

इथे अमेरिकेत, ॲन आर्बरला आल्यावर ते शिकवणं संपलं. पहिल्याच वर्षी एका ऑफिसात मी माझं एमएस्सीचं सर्टिफिकेट घेऊन गेले होते. काउंटरपलीकडच्या बाईने ते उलटं केलं, उजेडात धरलं आणि विचारलं, ‘ही खरी युनिव्हर्सिटी आहे का?’ मी चार दिवस धड जेवले नव्हते. हे आत्ताच सांगून टाकते, कारण पुढे सांगितलं तर ते सबब वाटेल. सबब नाहीये ती. उलट त्याने गोष्ट जास्त वाईट होते.

तर, बऱ्याच वर्षांनी मला एका संशोधन प्रकल्पात घरोघरी जाऊन मुलाखती घ्यायचं काम मिळालं. वेगवेगळ्या देशांतून आलेल्यांची कुटुंबं इथे कशी चालली आहेत — शिक्षण किती, नोकरी कसली, कमाई किती, घर स्वतःचं की भाड्याचं — असा तो सर्व्हे होता. माझ्या वाट्याला दोन गट आले. एक इंग्लिश, म्हणजे ज्यांचे पूर्वज कधीकाळी इंग्लंडहून आले असं ते स्वतः सांगतात. दुसरा सुदानी. शेवटी दोघांची तुलना होणार होती. हातात टॅबलेट, गळ्यात ओळखपत्र, पायात स्नो-बूट, आणि बसने फिरणं. मला ते काम आवडायचं. लोकांच्या घरात शिरून प्रश्न विचारायचा अधिकार — माझ्यासारखीला आणखी काय हवं?

प्रश्नावलीचं शेवटचं पान आमच्यासाठी असायचं. उत्तर देणाऱ्याला ते दिसत नसे. बाहेर पडून, बसस्टॉपवर उभं राहून आम्ही ते भरायचं. त्यात एक प्रश्न होता: उत्तर देणारी व्यक्ती कितपत खरं बोलत होती, असं तुम्हाला वाटतं? एक ते पाच. एक म्हणजे अजिबात नाही, पाच म्हणजे पूर्णपणे.

त्या पानावर मी काय केलं, ते सांगायचंय. सांगते. थोडं थांबा.

एकाच आठवड्यात मी दोन घरांत गेले. पहिलं एका इंग्लिश वंशाच्या जोडप्याचं. साठीच्या आसपासचा माणूस, उंच, मऊ बोलणारा. त्याने मला खुर्ची पुढे केली, कॉफी दिली आणि म्हणाला, ‘तुम्ही भारतीय लोक किती मेहनती असता.’ काम काय करता, या प्रश्नावर ‘कन्सल्टंट’ म्हणाला. कसला? ‘वेगवेगळा.’ आठवड्याला किती तास? ‘चाळीस. कधी जास्तच.’ दुपारचे दोन वाजले होते, तो घरातल्या सपाता घालून बसला होता, आणि बाहेर त्याच्या ट्रकभोवतीचा बर्फ जसाच्या तसा होता — चाकाचा एक माग नाही. त्याची बायको स्वयंपाकघराच्या दारात आली, त्याच्याकडे बघितलं, परत आत गेली. त्या एका बघण्यात सगळं होतं. त्याला काम नव्हतं. बरेच दिवस नव्हतं.

मला कळलं. मला कळतंच ना — हुशार मी!

बसस्टॉपवर मी लिहिलं: पाच.

का? माणूस लाजेपोटी बोलतोय, त्याची अब्रू कशाला काढा — असं मी स्वतःला सांगितलं. दया होती का ती? मला नाही वाटत. त्याने मला मेहनती म्हटलं होतं. त्याच्या दिवाणखान्यात कप हातात धरून बसताना मला कुठेतरी पोचल्यासारखं वाटलं होतं.

दोन दिवसांनी इहसान नावाच्या सुदानी बाईकडे गेले. शहराच्या पूर्वेला, बसने पस्तीस मिनिटांवर, दोन खोल्यांचा फ्लॅट. तिचं वय माझ्याएवढंच, पन्नाशीच्या उंबरठ्यावरचं. नवरा, उस्मान, एअरपोर्टची शटल चालवायचा, तो तेव्हा कामावर होता. ती स्वतः एका हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरींच्या घड्या करायच्या कामावर. शिक्षण विचारलं तर म्हणाली, ‘मी फार्मासिस्ट आहे. खार्टूममध्ये माझं औषधांचं दुकान होतं.’ आहे म्हणाली. होते नाही.

आणि माझ्या आतली ती बाई जागी झाली. इंग्रजी जरा जास्तच चांगलं बोलते, नाही? मग लाँड्रीत का? टीव्ही एवढा मोठा कसा? हातात सोन्याची बांगडी? आमच्या मंडळाच्या स्नेहभोजनात एक निवृत्त डॉक्टर काका म्हणाले होते, ‘या लोकांकडे कसलेही पेपर्स मिळतात हो, सांभाळून राहा.’ तेव्हा मीही मान हलवली होती.

तिला ते चेहऱ्यावर दिसलं असणार. न विचारता ती आत गेली आणि प्लॅस्टिकच्या फोल्डरमधून पदवीचा कागद घेऊन आली. एका बाजूला अरबी, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. शिक्का, सही, फोटो — तरुण, बारीक, भुवया ताठ. मी तो हातात घेतला. आणि — हे लिहिताना हात थांबतोय — मी तो उलटा केला आणि खिडकीच्या उजेडात धरला.

तिने रिकामा फोल्डर मांडीवर ठेवला.

माझं तेवढ्यावरही भागलं नाही. मी तिची परीक्षा घ्यायची ठरवली. गप्पा मारल्यासारखं म्हणाले, ‘मला थायरॉइड आहे हो. रोज सकाळी गोळी घेते, तरी थकवा जात नाही.’

‘गोळी कशाबरोबर घेता?’

‘नाश्त्याबरोबर. कॅल्शियमची पण तेव्हाच घेते, म्हणजे विसरायला नको.’

ती पुढे झुकली. लाँड्रीतली बाई कुठेच दिसेना. ‘तसं करू नका सिस्टर. कॅल्शियम त्या गोळीला शरीरात शिरू देत नाही. ही उपाशी पोटी, नुसत्या पाण्याबरोबर. कॅल्शियम चार तासांनी. लोहाची गोळी घेत असाल तर तीही लांब ठेवा. तुमच्या फार्मासिस्टने सांगितलं नाही?’

कुणी सांगितलं नव्हतं. की सांगितलं असेल आणि मी ऐकलं नसेल. घरी जाऊन मी बाटलीबरोबरचा बारीक अक्षरातला कागद काढून वाचला. तिने सांगितलेला शब्दन् शब्द बरोबर होता. दुसऱ्या दिवसापासून मी गोळ्या वेगळ्या घ्यायला लागले. महिन्या-दोन महिन्यांत थकवा उतरला. श्रीकांत म्हणाला, ‘अगं, तू हल्ली फ्रेश दिसतेस.’

म्हणजे माझा तिच्यावर विश्वास बसला होता. समजतंय ना तुम्हाला? तिच्या शब्दावर मी माझं औषध बदललं. आणि तो कागद वाचून झाल्यावर, त्याच टेबलाशी बसून — शेवटचं पान मी बसस्टॉपवर भरलंच नव्हतं, मुद्दाम राखून ठेवलं होतं — मी टॅबलेट उघडला आणि तिच्या नावापुढे लिहिलं: दोन.

एक का नाही? एक फार दिसून आला असता.

का केलं, हे मी खूपदा स्वतःला विचारलंय. तिच्या पदवीला इथे किंमत नाही आणि माझ्याही नाही — म्हणजे आम्ही दोघी एकाच पायरीवर होतो. मला ते चालणार नव्हतं. मला त्या कॉफीच्या कपाच्या बाजूला बसायचं होतं. तिची पदवी खोटी ठरली की माझी जरा जास्त खरी होते — असंच काहीतरी. याहून चांगलं कारण मला सापडलेलं नाही.

इतर सुदानी घरांतही मी दोन आणि तीनच देत गेले. काही आठवड्यांनी आमची सुपरवायझर लिंडा हिने मला बोलावलं. ती सरळ बाई होती.

‘कल्याणी, या गटात तुझे आकडे खूप खाली आहेत. हे लोक पदव्या सांगतायत. तू कुठे कागद पाहिलास?’

‘नाही,’ मी म्हणाले.

‘एकही?’

‘दाखवले नाहीत कुणी.’

तिने ते लिहून घेतलं. मला वाटलं, झालं. एवढंच तर होतं.

अहवाल तयार झाला तेव्हा लायब्ररीच्या सभागृहात तो सगळ्यांसमोर मांडला गेला. ज्यांच्या मुलाखती घेतल्या त्यांनाही बोलावलं होतं. स्टेजवर तक्ता आला — डावीकडे इंग्लिश वंशाचे, उजवीकडे सुदानी. बोलणारे प्रोफेसर अतिशय सभ्यपणे म्हणाले की सुदानी गटातल्या परदेशी पदव्यांची खात्री करता आली नाही, मुलाखतकारांनाही शंका होत्या, त्यामुळे त्यांचं शिक्षण ‘माहीत नाही’ या रकान्यात धरलंय. त्यामुळे कमी कमाईचं कारण कमी शिक्षण असू शकतं, असंही ते म्हणाले. पहिल्या रांगेत एका स्थानिक संस्थेच्या बाई बसल्या होत्या. बाहेरून शिकून आलेल्या नर्स, डॉक्टर, फार्मासिस्ट यांना इथल्या लायसन्सची तयारी करून देणारा वर्ग त्या काढणार होत्या. त्यांनी विचारलं, ‘म्हणजे अशी माणसं या भागात फारशी नाहीत?’ प्रोफेसर म्हणाले, ‘आमच्या माहितीवरून तसं म्हणता येत नाही.’

तेव्हा मागून एक हात वर झाला. इहसान. शेजारी उस्मान, थकलेला, कोटाची चेन गळ्यापर्यंत लावलेली.

‘मी फार्मासिस्ट आहे,’ ती उभी राहून म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. ‘माझ्या घरी तुमच्या एक बाई आल्या होत्या. मी त्यांना पदवी दाखवली. त्यांनी ती हातात घेतली.’

प्रोफेसरांनी आम्हा मुलाखतकारांच्या रांगेकडे बघितलं. लिंडाने माझ्याकडे बघितलं. इहसान तर बघतच होती. ती रागाने बघत नव्हती. ती वाट बघत होती — आता ही बाई उभी राहील आणि सांगेल, अशी.

मी उभी राहिले. म्हणाले, ‘मी खूप घरांत गेले होते. मला आठवत नाही.’

इहसानने मान किंचित हलवली, एखाद्या गिऱ्हाइकाला हवं ते औषध दुकानात नाही असं सांगताना हलवावी तशी, आणि खाली बसली. कार्यक्रम संपल्यावर चहाला ती दोघं थांबली नाहीत.

तो वर्ग निघाला नाही. दुसरीही कारणं असतील. असतीलच, असं मी पुष्कळ दिवस म्हणत राहिले.

मुलाखतींच्या पुढच्या फेरीत पुन्हा इहसानच्या घरी जायचं होतं. मी लिंडाला म्हटलं, ते घर मला लांब पडतं, बस बदलावी लागते. बस बदलावी लागत नव्हती. दुसरी मुलगी गेली आणि परत येऊन म्हणाली, ती दोघं दुसऱ्या राज्यात गेलीत, शेजारणीकडे फोन नंबर आहे, हवा का? लिंडाने माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, ‘गरज नाही.’

त्यानंतर मला बढती मिळाली. आता नव्या मुलाखतकारांना मीच ट्रेनिंग देते. शेवटच्या पानाबद्दल त्यांना सांगते की तुम्हाला काय वाटतं ते प्रामाणिकपणे लिहा. मुलं नोट्स घेतात. त्या इंग्लिश गृहस्थांचे चाळीस तासही त्या तक्त्यात आहेत, माझ्या पाचासकट. लिंडा निवृत्त झाली. मला कुणीच कधी काही विचारलं नाही.

इहसान हे नाव मी इथे बदलून लिहिलंय. तिचं खरं नाव मला आठवतं. त्या सभागृहात उभी होते तेव्हाही आठवत होतं.